अकराव्या होलची मोजणी

१

ऑफिसात सगळे त्याला माळी म्हणत. खऱ्या मातीला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता, पण कंपनीच्या गोल्फच्या कॉम्प्युटर गेममध्ये जिथे जिथे गवत उगवलेलं दिसे, ते त्याने उगवलेलं असे. टेकडी कुठे हवी, तळं कुठे, वाळूचा खड्डा किती खोल, झाडाची सावली कुठल्या अंगाला पडेल, हे सगळं तो घरच्या मागच्या खोलीत बसून ठरवायचा. खोलीत एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे, गरगरणारा जुना पंखा आणि खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची करडी भिंत. त्या भिंतीकडे बघत त्याने आजवर सात मैदानं तयार केली होती. जगात कुठेही नसलेली, पण खेळणाऱ्याला कुठेतरी असतील असं वाटणारी.

आठवं मैदान महिनाअखेर द्यायचं होतं. अठरा होल, मधून जाणारा एक ओढा, त्यावर एक लाकडी पूल, आणि पलीकडे समुद्राचा भास. कामात तो नाकासमोर चालणारा माणूस. सकाळी नऊला बसायचा, एकला जेवायचा, सहाला उठायचा. बायको दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती आठला घर सोडायची. मग घरात माळी आणि त्याचे वडील अण्णा, असे दोघंच.

अण्णा चार महिन्यांपूर्वी राहायला आले होते. आई गेली, आणि मोठ्या घरात ते एकटे भिंतींशी बोलू लागले असं शेजाऱ्यांनी कळवलं, तेव्हा माळी जाऊन त्यांना घेऊन आला. नोकरीभर ते जमीन मोजणारे. रस्ते, कालवे, धरणाच्या हद्दी, सगळं पायाखालून घातलेलं. आता खुर्चीत बसून असायचे. जेवणाचं ताट पुढे ठेवलं की दोन घास घेऊन सरकवायचे. विचारलं तर म्हणायचे, "बसून राहणाऱ्याला भूक कुठली."

एकदा सहज म्हणून माळ्याने त्यांच्या हातात खेळायचं बटण दिलं.

"हे मैदान तयार होतंय. तुम्ही चेंडू मारून बघा. कुठे अडला, कुठे चुकीचा घरंगळला, तर मला सांगा."

अण्णांनी चष्मा पुसला आणि पडद्याजवळ खुर्ची ओढली. पहिल्या होलचा उतार बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "शंभराला तीन."

माळ्याने आकडे तपासले. उतार शंभराला तीनच होता.

त्या दिवसापासून अण्णा रोज दहा वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या शेजारी येऊन बसू लागले. कामावर आल्यासारखे.

२

अकरावा होल या मैदानातला सर्वांत सोपा. ज्या ओट्यावरून चेंडू मारायचा तो जरा उंचावर, आणि तिथून पार झेंड्यापर्यंत पावणेचारशे मीटर सरळ, सौम्य उतार. मध्ये काही नाही. थकलेल्या खेळाडूला जरा हायसं वाटावं म्हणून माळ्याने तो मुद्दाम मोकळा ठेवला होता.

"हा थांबला," अण्णा म्हणाले.

"थांबणारच. किती वेळ पळेल?"

"उतारावर थांबलाय. अजून वेग होता त्याला."

माळ्याने पाहिलं. चेंडू झेंड्याच्या थोडा अलीकडे, ऐन उतारावर उभा होता. त्याने जमीन जवळ घेऊन पाहिली. खड्डा नाही, दगड नाही, गवताची पात जाड नाही. अण्णांना पुन्हा मारायला सांगितलं. चेंडू उडाला, पडला, घरंगळत गेला आणि त्याच जागी गच्च थांबला. थांबताना आवाज आला. टक्.

असल्या चुका होतातच. कुठेतरी एखादी न दिसणारी वस्तू चुकून पडलेली असते. मागे एकदा एक अख्खं बाक जमिनीखाली गाडलं गेलं होतं आणि चेंडू त्यावर आपटून उलटे येत होते, ऑफिसात आठवडाभर त्यावरून हशा पिकत होता. माळ्याने त्या होलवरच्या एकूण एक वस्तूंची यादी काढली. झाडं चौतीस, वाळूचे खड्डे दोन, झेंडा एक. बाकी काही नाही.

त्याने अकरावा होल पुसला आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत पुन्हा नव्याने मांडला.

दुसऱ्या दिवशी चेंडू पुन्हा थांबला. फक्त कालच्या जागी नाही. कालच्यापेक्षा जरा अलीकडे.

३

गेममधले आवाज एक बाई करायची. ऑफिसात तिला आवाजवाली म्हणत. माळ्याने तिला फोन लावला.

"अकरावर चेंडू थांबतो तेव्हा एक टक् वाजतं. तू काही नवीन घातलंस का?"

"पाठव ऐकायला."

त्याने पाठवलं. तिने तो तुकडा दोनदा वाजवला.

"हा माझाच आहे. चेंडू लाकडावर आपटल्याचा. पण हा मी फक्त पुलाला दिलाय. अकरावर पूल कुठे आहे?"

"नाही."

"मग लाकूड आहे काहीतरी. गेमला तिथे लाकूड सापडतंय, त्याशिवाय हा आवाज वाजणारच नाही. माझा आवाज काय स्वतःहून फिरायला जातो का?"

"लाकूड नाहीये ग. तीनदा बघितलं."

"एक विचारू का?" तिचा आवाज जरा उतरला. "तू पाठवलेल्या तुकड्यात टक् झाल्यावर आणखी काहीतरी आहे. फार बारीक. मी वाढवून ऐकलं. कुणीतरी पायावरचा भार या पायावरून त्या पायावर घेतं ना, तसं गवत दबतं. तो माझा नाही."

"खोलीतला असेल. अण्णा बसलेले असतात शेजारी."

"असेल," ती म्हणाली. "पण तू खोलीतलं नाही, गेममधलं पाठवलंयस."

४

अण्णांनी वही मागितली. रेघांची नको, कोरी. मग पट्टी मागितली, टोकदार पेन्सिल मागितली. अकराव्या होलचा नकाशा त्यांनी कागदावर इतका नेटका काढला की माळ्याला स्वतःच्या पडद्याची लाज वाटली. रोज चेंडू जिथे थांबेल तिथे ते एक छोटा क्रॉस काढत आणि बाजूला आकडा लिहीत. एका दिवसात कितीही चेंडू मारले तरी जागा एकच. दुसऱ्या दिवशी जागा पुढची.

सहाव्या दिवशी त्यांनी वही माळ्यापुढे सरकवली.

"बघ."

सहा क्रॉस होते. झेंड्याकडून ओट्याकडे येणारी सरळ रेषा. पट्टी लावून ओढल्यासारखी.

"दोन क्रॉसमधलं अंतर मोज."

"तीस मीटर," माळी म्हणाला. "सगळीकडे तीस."

"मोजणी चाललीय," अण्णा म्हणाले. त्यांच्या गालावर रंग आला होता. "आम्ही असंच करायचो. दुर्बीण एका जागी रोवायची. समोर एक माणूस आकड्यांची लाकडी पट्टी उभी धरून उभा. दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा टिपला, म्हणजे वाचन घेतलं, की हात करायचा, तो तीस मीटर सरकायचा. पुन्हा उभा. लाकडाची पट्टी, कळलं का? म्हणून टक् वाजतंय."

"अण्णा, ही जमीन खरी नाहीये."

"तेच म्हणतोय मी. जी जमीनच नाही, तिची मोजणी कोण करतंय?" आणि ते हसले. आई गेल्यापासून माळ्याने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग ते बराच वेळ जुन्या दिवसांबद्दल बोलत राहिले. त्यांच्या काळच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. झाडं खाली लोंबायची, आभाळ पायाशी. पट्टी धरणारा माणूस डोक्यावर उभा. "एकाच माणसाबरोबर तीस वर्षं काम केलं. दिवसभर तो तिकडे लांब, मी इकडे. त्याला मी जितका उलटा पाहिला तितका सुलटा पाहिला नाही. रस्त्यात भेटला असता तर ओळखलाही नसता."

त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "तू काय करतोयस त्यांच्याबरोबर कोण जाणे, पण करत राहा. आज त्यांनी ताट चाटूनपुसून रिकामं केलं. परत वाढून घेतलं."

तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून माळ्याने तिला क्रॉसांबद्दल काही सांगितलं नाही.

५

त्याची अक्कल त्याला सांगत होती की ही आकड्यांची गडबड आहे. कुठेतरी एखादी संख्या रोज तीसने बदलतेय. अशी संख्या शोधायची तर तिच्या वाटेत काहीतरी आडवं घालावं, म्हणून त्याने रेषेवर एक तळं खोदलं. चाळीस मीटर रुंद, दोन पुरुष खोल. पुढचा क्रॉस बरोबर त्याच्या मध्यावर पडणार होता. पाण्यात पडलेला चेंडू बुडतो. गेमचा तो नियमच होता, आणि तो नियम माळ्याने नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी लिहिला होता.

सकाळी साडेदहाला अण्णांनी चेंडू मारला. तो उंच गेला, तळ्याच्या वर आला, आणि हवेतच कशाला तरी अडला. टक्. सरळ रेषेत खाली पडला. पण बुडाला नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर, कशाला तरी टेकून, जरासा कलता उभा राहिला. त्याच्याभोवती पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत होती. चेंडूमुळे उमटावीत तशी नव्हती ती. एकमेकांशेजारी दोन वर्तुळं होती. कुणी दोन पायांवर पाण्यात उभं असावं, तशी.

माळ्याने खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली.

अण्णांनी शांतपणे क्रॉस काढला. "पाण्याने काय होतंय," ते म्हणाले. "आम्ही गळ्याइतक्या पाण्यात माणसं उभी केलीत."

"अण्णा, आता पुरे. बंद करू."

"अजून पाच राहिलेत. ओट्यापर्यंत पाचच." मग त्यांची पेन्सिल थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. वहीतल्या रेषेवरून त्यांनी बोट ओट्याकडे आणलं.

"एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती," ते म्हणाले. "पट्टी इकडे इकडे येतेय. आणि पट्टी कायम दुर्बिणीकडे तोंड करून असते."

"मग?"

"मग दुर्बीण तिकडे नाही. दुर्बीण इकडे आहे." त्यांनी पडद्याच्या अलीकडे, दोघांच्या खुर्च्यांच्या मधल्या जागेकडे बोट दाखवलं. "आपण बघतोय म्हणून तो सरकतोय. वाचन आपण घेतोय."

६

माळ्याने त्याच दिवशी अकरावा होल कायमचा काढून टाकला. त्या जागी पूर्ण वेगळा, वाकडा, झाडांनी भरलेला होल बसवला, आणि अण्णांना सांगितलं की तपासणीचं काम संपलं, आता ऑफिसातले लोक बघतील.

"बरं," अण्णा म्हणाले. वही मिटून त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते दहा वाजता आले नाहीत. शर्ट आदल्या दिवशीचाच होता. दुपारी ताट जसंच्या तसं परत गेलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बायकोने रजा टाकली, त्यांच्यापाशी बसली, त्यांना बोलतं करायचा प्रयत्न केला. ते तिच्या पाठीमागच्या भिंतीकडे बघत राहिले. ती मागच्या खोलीत आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"तू त्यांचं काय काढून घेतलंस?"

"काही नाही. एक खेळ."

"मग परत दे ना. तुझ्या बापाचा एवढाच एक जीव अडकलाय त्या खेळात, आणि तू हिशेबीपणा करतोयस."

तिला कसं सांगणार? सांगितलं असतं तर तिने त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नसतं. सहाव्या दिवशी त्याने मधला मार्ग काढला. नवं मैदान नाही, पाच वर्षांपूर्वी केलेलं त्याचं पहिलं मैदान उघडलं. ते हजारो लोक रोज खेळत होते. कुणाचीही तक्रार नव्हती. अण्णांना आणून बसवलं, बटण हातात दिलं.

"हे वेगळं आहे, अण्णा. जुनं. नुसतं खेळा."

अण्णांनी मारलं. चेंडू ओट्यावरून उडाला आणि दहा पावलांवर हवेत अडून खाली पडला. टक्.

माळ्याने झडप घालून पडदा बंद केला. काळ्या काचेत खोली दिसू लागली. पंखा, खिडकी, करडी भिंत, दोन खुर्च्या, त्यात दोन माणसं. तो मोजत राहिला. दोनच होती. पुन्हा मोजली. दोनच.

"म्हणजे जमिनीचा काही संबंधच नव्हता," अण्णा स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी वहीकडे हात केला. "दे इकडे. चार दिवसांची वाचनं राहिलीत."

त्या दुपारी ते पोटभर जेवले.

७

नंतरचे तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि माळ्याच्या जिवात जीव आला. आठवं मैदान वेळेत गेलं. ऑफिसात चेंडू मारून मारून लोकांनी ते पिंजून काढलं, कुठे काही अडलं नाही. आवाजवालीने फोन करून सांगितलं की तिने पुलाचा आवाज बदलून टाकलाय, उगाच तो कानात घोळत राहायचा. खेळणाऱ्यांना मैदान आवडलं. अकराव्या होलबद्दल एकाने लिहिलं, फार सुंदर आहे, पण तिथे का कोण जाणे घाई करावीशी वाटते.

अण्णा आता खेळायला मागत नव्हते. पण दाढी रोज व्हायची, शर्ट रोज बदलायचा, जेवण नीट जायचं. वही मांडीवर असायची. त्यांनी एकच मागणं केलं होतं. खुर्ची खिडकीकडून फिरवून दाराकडे करून द्यावी. त्यांच्या खोलीच्या दारातून पुढे घराचा लांब पॅसेज दिसायचा, आणि पॅसेजच्या टोकाला घराचा मुख्य दरवाजा. बायकोला वाटलं, ती संध्याकाळी येते तेव्हा ती आलेली त्यांना लगेच दिसावी म्हणून. तिला बरं वाटलं. तिनेच खुर्ची फिरवून दिली.

एके सकाळी ती कामावर गेलेली होती. अकरा वाजले होते. पॅसेजमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आलं होतं, फरशीवर त्याचा स्वच्छ पांढरा चौकोन पडला होता. माळी चहाचा कप घेऊन त्या उन्हातून चालत अण्णांच्या दाराशी आला आणि तिथेच थांबला.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. एक डोळा मिटलेला. उजवा हात वर, तळवा बाहेर. तो हात ते अगदी सावकाश, इंचाइंचाने डावीकडे हलवत होते.

"आणखी जरा," ते म्हणत होते. "आणखी. हं. बस."

"अण्णा, कुणाशी बोलताय?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. उघडा डोळा त्याच्या आरपार गेलेला होता.

"तू जरा बाजूला हो," ते म्हणाले. कामात गढलेला माणूस बोलतो तसं, न रागावता. "तुझ्यामुळे पट्टी दिसत नाहीये."

मागे पॅसेज होता. पंधरा पावलांचा. त्यानंतर दरवाजा, आणि दरवाज्याची कडी त्याने स्वतः लावलेली होती. मान वळवली असती तर एका क्षणात सगळं मिटलं असतं. रिकामा पॅसेज दिसला असता, तो हसला असता, चहा निवायच्या आत दिला असता. हे सगळं त्याला लख्ख कळत होतं. त्याची मान वळली नाही.

तो बाजूला झाला. दाराच्या चौकटीला खांदा लावून, पाठ भिंतीशी घट्ट दाबून, कपातल्या चहाकडे बघत उभा राहिला. चहावर बारीक थरथर होती. ती आपल्या हाताची आहे, असं तो धरून चालला.

त्याने नजर फक्त अण्णांच्या चेहऱ्यापर्यंत नेली. त्यापुढे नेली नाही.

अण्णांचा डोळा आधी खाली होता, फरशीच्या पातळीवर, आकडे जिथून सुरू होतात तिथे. मग तो वर येऊ लागला. गुडघ्याची उंची. कमरेची. माणसाच्या डोक्याची. तिथे तो थांबला नाही. हनुवटी उचलली गेली. दाराच्या चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत डोळा गेला, आणि वर गेला. पॅसेजचं छत जिथे संपतं तिथवर गेला. अण्णांची मान मागे मागे जात खुर्चीच्या पाठीला टेकली, आणि तरी डोळा वर जातच राहिला, छत मध्ये नसल्यासारखा.

त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. रोजच्या ओळखीचा माणूस पहिल्यांदाच सुलटा दिसावा, तसं काहीतरी होतं.

"वाचता येत नाही रे," ते वर बघत, समजुतीच्या सुरात म्हणाले. "फार लांब पडतं. जरा खाली वाक."

माळ्याने कप छातीशी धरला. फरशीवरचा उन्हाचा चौकोन त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता. तो एका कडेने सावलीखाली जात अरुंद होऊ लागला होता.

मग अण्णांची नजर खाली यायला लागली. हळूहळू, तितक्याच सावकाश. छत, चौकटीचं लाकूड, आणखी खाली. आणि येता येता ती माळ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर, त्याच्या डाव्या कानाच्या अगदी शेजारी येऊन थांबली.